नंबर न कळलेल्या गाडीने धडक दिली, तरी भरपाई मिळाली

शिंदे-पळसे सोडून सिन्नरकडे जाताना रात्री मेहुण्याच्या (ताईच्या नवऱ्याच्या) दुचाकीला मागून गाडीने उडवलं. तो जागीच गेला, गाडी पळाली. एफआयआरमध्ये फक्त ‘अज्ञात वाहन’.

‘नंबर नाही तर क्लेम नाही,’ असं एका एजंटाने सांगितलं, तेच धरून आम्ही चार महिने घालवले. चीड आली. ट्रिब्युनलच्या (अपघात भरपाईच्या कोर्टातल्या) दाव्याला धडक देणारी गाडी माहीत असावी लागते हे खरं, पण हिट अँड रनसाठी (धडक देऊन गाडी पळाली तर) मोटार वाहन कायद्याचं कलम १६१ आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. २०२२ची योजना.

आधी एफआयआर आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्टच्या प्रती काढल्या. मग फॉर्म १ भरला, सोबत फॉर्म ४चं हमीपत्र (पुढे गाडी सापडून भरपाई मिळाली तर ही रक्कम परत), आधार, पासबुक. ताईच्या पासबुकावर ‘सुनिता’, आधारवर ‘सुनीता’. ते आधी बँकेत दुरुस्त करून घेतलं. अर्ज नाशिकला नेला, तो परत आला. अपघात ज्या तालुक्यात, तिथल्याच प्रांताधिकाऱ्यांकडे किंवा तहसीलदारांकडे द्यायचा. पोचेवर शिक्का घेतला. तिथून चौकशी अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे, मंजुरीनंतर पैसे थेट ताईच्या खात्यात. वकील लागला नाही.