सोलापूरच्या आकाशातील मध्यस्तरी ढगांची घडण कशी ओळखावी

पावसाळ्यात सोलापूरवर पुष्कळदा राखाडी किंवा निळसर छटेचा सलग पडदा पसरतो, आणि पाऊस मात्र पडत नाही. हा पडदा अल्टोस्ट्रेटस, म्हणजे मध्यम उंचीवरील स्तरमेघ आहे का, हे आधी ठरवावे. त्यासाठी सूर्य इमारतीच्या कडेआड धरून त्याभोवतालचे आकाश पाहावे. सूर्याकडे थेट टक लावू नये. सूर्याभोवती खळे दिसत असेल, तर तो ढग अधिक उंचीवरचा आणि निव्वळ हिमस्फटिकांचा असतो. खळे नसेल, सूर्य घासलेल्या काचेतून पाहिल्यासारखा अंधूक दिसत असेल आणि जमिनीवर आपली सावली पडत नसेल, तर तो अल्टोस्ट्रेटस समजावा.

उष्ण कटिबंधात हे ढग साधारण २ ते ८ किलोमीटर उंचीवर असतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंश तापमानाची पातळी सुमारे ५ किलोमीटरवर असते. म्हणून पुरेशा जाड ढगाचे मनाने तीन थर पाडावेत. तळाशी जलबिंदू असतात, माथ्याशी मुख्यतः हिमस्फटिक असतात, आणि मधल्या थरात हे दोन्ही एकत्र नांदतात. हा मधला थर मला सर्वांत विलक्षण वाटतो. पाणी शून्य अंशाला गोठतेच असे आपण धरून चालतो. परंतु गोठण्यास आधार देणारे योग्य कण हवेत विरळ असल्याने तेथील सूक्ष्म थेंब शून्याखालीही द्रवरूपच राहतात. अशा अतिशीत थेंबांच्या सान्निध्यात हिमस्फटिक झपाट्याने वाढतात, कारण बर्फावरील संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवा वाफेने पूर्ण भरल्यावरचा वाफेचा दाब, पाण्यावरील बाष्पदाबापेक्षा कमी असल्यामुळे थेंबांमधून निघालेली वाफ स्फटिकांवर जमत जाते.

जड झालेले स्फटिक खाली येताना वितळतात. ढगाच्या तळाशी लोंबणाऱ्या धूसर रेघा दिसल्या, तर तो वाटेतच सुकणारा पाऊस होय. पर्जन्यछायेतील सोलापूरच्या कोरड्या हवेत तो जमिनीपर्यंत पोहोचेलच असे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापुरात केलेले मेघबीजनाचे, म्हणजे पाऊस वाढवण्यासाठी ढगात कण फवारण्याचे, प्रयोग उभ्या वाढणाऱ्या ढगांवर होते, या पडद्यावर नव्हे. दोहोंची गल्लत करू नये.

पडदा दाट होत जाऊन सूर्याची जागाही कळेनाशी झाली आणि संततधार लागली, तर तो ढग आता निम्बोस्ट्रेटस, म्हणजे संततधार देणारा दाट स्तरमेघ झाला, अशी नोंद करावी.