जुनं पोकेमॉन कार्ड घेण्याआधी काय तपासायचं

एकच चित्र, एकच क्रमांक, पण छपाई वेगळी असली की भाव कितीतरी पटींनी बदलतो. म्हणून सुरुवात छपाई ओळखण्यापासून करा.

उदाहरणार्थ, 1999 च्या बेस सेट या पहिल्या इंग्रजी संचातलं चारिझार्ड (4/102, म्हणजे 102 पैकी चौथं कार्ड) घ्या. चित्राच्या चौकटीखाली डावीकडे काळा गोल शिक्का असेल तर ते फर्स्ट एडिशन. शिक्का नाही आणि चौकटीच्या उजव्या कडेला सावलीही नाही, तर शॅडोलेस. सावली दिसली तर अनलिमिटेड, म्हणजे सर्वांत जास्त छापलेलं. तळाच्या बारीक ओळीतही खूण सापडते: निन्टेन्डोच्या नावाआधीच्या सालांत शॅडोलेसवर 98 नंतर 99 असतं, अनलिमिटेडवर नसतं. शिक्काही आहे आणि सावलीही, असं चारिझार्ड दिसलं तर शिक्का नंतर मारलेला आहे, हे पक्कं समजा. त्या सेटमध्ये याला अपवाद फक्त मचॅम्प या कार्डाचा.

आता कार्डाची अवस्था. दहापट भिंग, मिलिमीटरची पट्टी आणि टॉर्च एवढं पुरतं. आधी मोजा: कार्ड 63 × 88 मिमी हवं. कमी भरलं तर कडा छाटल्याचा संशय घ्या. कार्डाची अवस्था तपासून 1 ते 10 असा दर्जा (ग्रेड) देणारी कंपनी पीएसए छाटलेल्या कार्डाला ग्रेड देत नाही. मग पिवळी किनार मोजा. डावीकडे 3.3 आणि उजवीकडे 2.7 मिमी म्हणजे 55/45, आणि 10 ग्रेडसाठी पुढच्या बाजूची मर्यादा साधारण तिथंच संपते. 3.6 आणि 2.4 असेल तर 10 ची आशा सोडा. कार्ड उलटं करून निळ्या कडांवर पांढरे ठिपके शोधा. फोटोत हेच हमखास लपतं. होलोवरचे, म्हणजे चकचकीत चित्राच्या कार्डावरचे ओरखडे समोरून दिसत नाहीत, एका दिव्याखाली कार्ड तिरकं फिरवावं लागतं. विक्रेत्याकडून असा व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडा.

भाव ठरवताना मागितलेली किंमत बघू नका. ईबेवर 'सोल्ड' फिल्टर लावून त्याच छपाईचे, त्याच ग्रेडचे अलीकडचे व्यवहार पाहा.

ग्रेडिंगला पाठवायचं की नाही, हे कागदावर ठरवा. समजा, ग्रेड न केलेलं सुटं कार्ड 100 डॉलरला पडलं, ग्रेडिंग 25, टपाल आणि विमा 15. खर्च झाला 140. ग्रेड 9 आली आणि ते 150 ला गेलं, तर साधारण 13 टक्के विक्रीशुल्क वजा जाता हाती 130 उरतात, म्हणजे 10 चा तोटा. 10 ग्रेडला 400 मिळाले तर हाती 348. सगळा फायदा एका ग्रेडवर टांगलेला आहे, म्हणून 9 ला निदान खर्च निघत असेल तरच पाठवा. पाठवताना कार्ड आधी पातळ मऊ स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पिशवीत), मग लवचीक कार्ड सेव्हर या प्लास्टिकच्या खोळीत घाला. टॉपलोडर ही कडक खोळ पीएसएला नको असते.

आधीच स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंगनंतरच्या सीलबंद प्लास्टिक डबीत असलेलं कार्ड घेताना प्रमाणपत्राचा क्रमांक पीएसएच्या साइटवर टाका. क्रमांक खरा निघाला म्हणून थांबू नका, कारण बनावट स्लॅबवर खरे क्रमांक उतरवलेले असतात. साइटवर फोटो असेल तर किनारीची रुंदी आणि होलोची नक्षी हातातल्या कार्डाशी जुळवा.

कार्डांची न उघडलेली सुटी जुनी पाकिटं मात्र घेऊच नका. बेस सेटच्या दर तीन पाकिटांत सरासरी एक होलो असे आणि होलोचं पाकीट किंचित जड भरे. वजनकाट्यावर जड पाकिटं केव्हाच वेगळी झाली, बाजारात उरतात ती बहुधा हलकी. सीलबंद पेटीतही फसगत होते: अमेरिकन यूट्यूबर लोगन पॉलने 35 लाख डॉलर मोजून घेतलेल्या बेस सेटच्या पेट्यांतून 2022 मध्ये जी. आय. जो या दुसऱ्याच मालिकेची कार्डं निघाली.

नव्या सेटांचा सट्टा वेगळा. मागणी असेतो कंपनी पुन्हा छापते, म्हणून पहिल्या आठवड्यातल्या भावाला खरेदी करू नका.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात होलो कार्ड वाकतात, कारण कागद ओल शोषतो आणि चकचकीत थर शोषत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला, छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास राहू द्या.