हाताची सर्जरी शिकायची असेल तर: नागपुरातला अनुभव

ऑर्थोपेडिक्सला प्रवेश मिळाला की बहुतेक मुलांना गुडघा, खुबा नाहीतर मणका खुणावतो. हाताकडे वळणारे थोडे. त्यांतले काही मला विचारतात, ‘सर, नागपुरात राहून या विषयात काम मिळेल का?’ काम भरपूर आहे. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत पॉवर प्रेसखाली बोटं सापडतात. सोयाबीन निघालं की काटोल, सावनेर, उमरेडकडून थ्रेशरमध्ये गेलेले हात येतात; कडबाकुट्टीचे तर बारा महिने येतात. संक्रांतीत, बंदी असूनही, नायलॉन मांजा कापतोच. पण हे काम करायला एक स्वभाव लागतो. एक्स-रेमध्ये हाड सुंदर जुळलेलं दिसतं आणि मूठ वळत नाही, असा हात घेऊन माणूस घरी गेला तर आपलं काम झालेलंच नाही. हालचाल परत आणायची आहे, हे ज्याला पहिल्या दिवसापासून आठवतं त्यानं इकडे यावं.

रस्ता असा: एमबीबीएस, नीट पीजी, मग तीन वर्षं एमएस किंवा डीएनबी ऑर्थो. त्यापुढे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची हँड अँड मायक्रोसर्जरीची दोन वर्षांची एफएनबी ही फेलोशिप आहे, शिवाय वेगवेगळ्या रुग्णालयांच्या स्वतःच्या फेलोशिप आहेत. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलचं नाव या विषयात सगळे घेतात. प्लॅस्टिक सर्जरीतूनही इथे येता येतं, आणि ऑपरेशन थिएटरात त्या मंडळींशी मैत्री ठेवावीच लागते, कारण उघड्या हाडावर कातडी आणून देणारे तेच असतात.

नागपुरातलं मेडिकल असो की मेयो, दोन्ही सरकारी रुग्णालयांत जेआर वनचा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचा, बराच काळ कॅज्युअल्टीत जातो. हाताचं खरं शिक्षण तिथंच होतं. मांज्याची जखम बोटाच्या घडीवर जेमतेम एक सेंटिमीटरची असते. रक्त थांबलं की दोन टाके घालून पाठवून द्यायचा मोह होतो. महिन्याभरानं तोच मुलगा ओपीडीत येऊन सांगतो, ‘साहेब, बोट वाकूनच नाही राहिलं.’ आत बोट वाकवणारे दोन्ही स्नायुबंध (टेंडन) तुटलेले असतात, एका बाजूची नसही (नर्व्ह). म्हणून जखम कितीही लहान असो, आधी तपासा. मधला सांधा धरून फक्त टोक वाकवायला सांगा, म्हणजे खोलवरचा स्नायुबंध कळतो. मग बाकीची बोटं सरळ धरून ते एकच बोट वाकवायला सांगा, म्हणजे वरचा कळतो. बोटाच्या दोन्ही कडांची संवेदना वेगवेगळी पाहा, आणि हे सगळं भूल देण्याच्या आधी लिहून ठेवा. भूल दिल्यावर नसेची तपासणी करायला काही उरत नाही.

मनगटाचंही तसंच आहे. तळहातावर पडलेल्या तरुणाच्या अंगठ्याच्या मुळाशी, त्या खोलगट जागेत दुखत असेल, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी स्कॅफॉइड हे मनगटातलं छोटं हाड तुटलंय असं धरून चाला. प्लॅस्टरचा स्लॅब द्या, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढा, जमत असेल तर एमआरआय. या हाडाचा रक्तपुरवठा टोकाकडून मुळाकडे येतो, म्हणून मुळाकडचा तुकडा उपाशी राहतो आणि वेळेवर धरलं नाही तर जुळत नाही. आणि कोपराजवळ हाड मोडलेलं लहान मूल, हाडवैद्यानं कामट्या करकचून बांधलेल्या, बोटं नुसती सरळ केली तरी किंचाळतं: तिथे एक्स-रेचीही वाट पाहायची नाही. सगळं बांधलेलं आधी सोडा आणि सीनियरला उठवा. सुजेनं आत वाढलेला दाब काही तासांत उतरला नाही तर पुढल्या हाताचे स्नायू मरतात, आणि तो हात जन्मभर आखडलेला राहतो.

स्नायुबंध शिवणं थिएटरात अवघड वाटतं, पण खरी परीक्षा पुढल्या तीन महिन्यांत असते. शिवलेलं बोट स्थिर ठेवलं तर आतला स्नायुबंध भोवतालच्या आवरणाला चिकटतो. फार लवकर जोर लावला तर टाका तुटतो. त्यामुळे स्प्लिंटमध्ये, ठरवून दिलेल्या मर्यादेत, पहिल्या आठवड्यातच हालचाल सुरू होते. साधारण सहा आठवडे वजन नाही, जड काम बारा आठवड्यांनंतर. आता सावनेरच्या शेतकऱ्याला रोज फिजिओला या म्हणून कसं सांगणार? एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्याच्या डोक्यात असते. मी घरच्या माणसाला समोर बसवतो, व्यायाम त्याच्याकडून करवून घेतो, मोबाइलवर व्हिडिओ काढून देतो. त्यासाठी आधी स्वतःला ते यायला हवं. रेसिडेंट असताना हँड थेरपिस्टच्या खोलीत जाऊन बसा, स्प्लिंट कापायला शिका, सांधा किती वाकतो ते मोजणारा गोनिओमीटर हातात धरा. माझ्या मते थिएटरातल्या जास्तीच्या असिस्टपेक्षा हे मोलाचं आहे.

जागेपणी केलेली सर्जरीही याच कारणानं मला फार आवडते. लिग्नोकेन या जागच्या भुलीत रक्तस्राव रोखणारं ॲड्रेनालिन घालून टोचायचं, अर्धा तास थांबायचं, रक्त थांबवायला दंडावर बांधायच्या पट्ट्याची, टूर्निकेटची, गरजच उरत नाही. कॅनडाच्या डॉ. डोनाल्ड लालोंद यांनी ही पद्धत जगभर नेली. स्नायुबंध शिवून झाला की ‘काका, बोट वाकवा’ म्हणायचं. फट पडतेय का, कुठे अडकतंय का, हे जखम बंद करण्याआधीच दिसतं. आणि ते बोट वाकताना रुग्णानंही पाहिलेलं असतं, त्यामुळे पुढे व्यायामाला तो कचरत नाही.

प्रत्येक केसपेपरवर वयाच्या शेजारी व्यवसाय लिहा, आणि ‘मजुरी’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या हातानं, काय धरून काम करता, ते विचारा. तुटलेला अंगठा जोडण्याचा प्रयत्न करायचाच, लहान मुलाचं कोणतंही बोट जोडायचंच. पण प्रौढ कामगाराची एकटी तर्जनी मुळाशी चिरडून तुटली असेल तर थांबून विचार करावा. जोडून ताठ राहिलेलं बोट प्रत्येक कामात आड येतं, माणूस मधल्या बोटानं काम भागवतो. हे त्याला आणि घरच्यांना शांतपणे समजावणं मला तासन्‌तास मायक्रोस्कोपखाली बसण्याहून कठीण जातं.

तालुक्याहून फोन आला तर काय सांगायचं ते पाठ असू द्या: तुटलेला भाग सलाइननं भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर नको. बोट थंड ठेवलं तर वेळ मिळतो. मनगटाच्या वर हात तुटला असेल तर त्यात स्नायू असतात, तिथे सहा तासांच्या आत रक्त सुरू व्हायला हवं.

मोटारसायकलवरून खांद्यावर आपटलेल्या पोरांच्या मानेतून हातात येणाऱ्या नसा उपटल्या जातात. सहा महिने ‘येईल, येईल’ म्हणत घालवू नका, पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच शस्त्रक्रियेचा निर्णय हवा. नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते आणि स्नायू तिची अनंतकाळ वाट पाहत नाही. नस परतलीच नाही तर चालता स्नायुबंध दुसरीकडे वळवून काम करवता येतं. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या वाकलेल्या बोटांवर याच तत्त्वानं काम सुरू केलं. आपल्या विदर्भात असे हात आजही ओपीडीत येतात, त्यामुळे ही शस्त्रक्रिया जरूर शिकून घ्या.

पैशाचंही सांगतो. तासांच्या हिशेबात सांधेरोपण करणारा मित्र तुमच्या पुढेच राहील, आणि तुमचा रुग्ण बहुधा कामगार किंवा शेतमजूर असेल. ईएसआयसी (कामगार विमा) आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं कशी भरतात ते रेसिडेन्सीतच शिका. सराव फुकटात होतो: कोंबडीच्या मांडीतली रक्तवाहिनी, दहा शून्य नायलॉन (केसाहून बारीक धागा) आणि विभागातला जुना मायक्रोस्कोप एवढं पुरतं. हात थरथरतो म्हणून विषय सोडू नका. मनगट टेकवायला शिकलं आणि आठवड्यातून काही संध्याकाळी नेमानं बसलं की फेलोशिपच्या मुलाखतीपर्यंत टाके सरळ पडू लागतात.