सेमिनरीला निघालेल्या मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी

बारावी किंवा बी.ए. झालं की मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं, कुणीतरी विचारतं, 'पाळकसाहेब, सेमिनरीला, पाळक व्हायचं शिक्षण घ्यायला जाऊ का?' पूर्वी उत्तर सोपं होतं. पुण्याला जायचं, होस्टेलात राहून बी.डी. (ईश्वरज्ञानाची पदवी) करायचं आणि बिशप पाठवतील त्या गावी रुजू व्हायचं. आता मी आधी विचारतो, शिकून आल्यावर तुझा पगार कोण देणार?

देवाचं पाचारण (बोलावणं) असताना पैशाचं काय काढता, असं घरचे म्हणतात. पण जालन्याजवळ मिशनरी नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेव्हा मागे स्कॉटलंडची फ्री चर्च उभी होती. आता परदेशी देणगीचे नियम कडक झालेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही. आणि खेड्यातल्या मंडळीच्या दानावर एक घर चालत नाही. ही अडचण फक्त आपलीच आहे असंही नाही. अमेरिकेतली १८०७ सालची अँडोव्हर सेमिनरी पुढे अँडोव्हर न्यूटन झाली, आणि शेवटी आपला परिसर विकून येल विद्यापीठात सामावली गेली.

म्हणून माझा सल्ला असा की आधी साधी पदवी घ्या; जमलं तर बी.एड., नर्सिंग किंवा एम.एस.डब्ल्यू. करा आणि मग सेमिनरी. आठवडाभर नोकरी आणि रविवारी उपासना, असे पाळक वाढत जाणार. त्याला कमी लेखणारे वडीलधारे आहेत, पण पगार देणाऱ्यांत ते नसतात.

पदवी कुणाची, हे नीट बघा. बंगालमधलं सेरामपूरचं कॉलेज १८१८ चं, त्याला डेन्मार्कच्या राजाची सनद १८२७ ची आणि पदव्या देणाऱ्या तिथल्या सिनेटला आधार देणारा कायदा १९१८ चा. मुख्य प्रवाहातल्या चर्चेस पाळकपदाची दीक्षा देताना बहुधा याच सिनेटची बी.डी. बघतात. एटीएची (एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची) मान्यता ही चर्चवर्तुळातली, सरकारी नव्हे. कुठलीही पदवी पुढे नोकरीसाठी दाखवायची असेल तर आधी लेखी विचारून घ्या. माहितीपत्रकात 'मान्यताप्राप्त' एवढंच छापलेलं असतं. कॅथलिक मुलांची वाट वेगळी. तिथं डायोसिस (बिशपचा धर्मप्रांत) किंवा धर्मसंघ मुलाला घेतो आणि तत्त्वज्ञान, ईश्वरज्ञान मिळून बरीच वर्षं जातात. बाकी पुणं कुणालाच चुकत नाही. विदर्भातली, यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरीसुद्धा १९८३ ला तिथंच गेली.

घरी राहून शिकायची सोयही आता आहे. सिनेटचे बाह्य अभ्यासक्रम आहेत, टाफ्टीसारख्या संस्था १९७१ पासून हे काम करतायत. संडे स्कूल घेणाऱ्यांना, मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांना ते उत्तम. पण व्यासपीठावर उभं राहायचं असेल तर काही काळ तरी होस्टेलात काढा. दुसऱ्या पंथाच्या मुलाशी मेसमध्ये बाप्तिस्म्यावरून रात्री उशिरापर्यंत घातलेला वाद मोबाईलवर मिळत नाही.

आणि तिथं जे शिकवत नाहीत तेही ऐका. बीड-जालन्याकडच्या कितीतरी मंडळ्या दिवाळीच्या आसपास रिकाम्या होतात. लोक ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. म्हणजे नाताळ कारखान्याच्या पालावर. उपदेशाचा तास घेणारे प्राध्यापक गृहीत धरतात की समोर बाकांवर लोक बसलेत. इथं बाकांवर म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं, बाकीचे कोयता घेऊन फडात. मग पाळक काय करतो? पहाटे तोडीला जायच्या आत ऐकता येईल असा पाच मिनिटांचा शास्त्रपाठ व्हॉट्सॅपवर टाकतो, मुकादमाशी बोलून पालावर जातो, उचलीच्या हिशेबात अडकलेल्या जोडप्याचं ऐकून घेतो. सेमिनरीत फील्डवर्कची जागा निवडायची वेळ आली की शहरातल्या मोठ्या चर्चऐवजी एखाद्या कारखान्याचा तळ मागून बघा. प्राध्यापक चकित होतील, पण बहुतेक जण हो म्हणतात.

ग्रीक-हिब्रू रटाळ म्हणून टाळू नका. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल १९२४ ला छापून झालं. केडगावात, बायकांच्या हातांनी. बी.डी. बहुधा इंग्रजीतून असते, म्हणून टिपणं इंग्रजीत घेतली तरी त्याच रात्री मराठीत उतरवा. नाहीतर परत आल्यावर उपदेशात 'संदर्भात्मक' आणि 'प्रतिमानात्मक' असले शब्द यायला लागतात आणि मंडळी घड्याळ बघते.

मुलींसाठी थोडं वेगळं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना दीक्षा मिळते आणि दक्षिण भारताच्या चर्चमध्ये २०१३ ला पहिली स्त्री बिशप झाली. पण दीक्षा आणि नेमणूक या दोन वेगळ्या गोष्टी. अर्ज करण्याआधी आपल्या डायोसिसला विचारा, आज किती बायका पाळक म्हणून नेमलेल्या आहेत. आमच्याकडच्या एकीला उत्तर आलं, 'सध्या कुणी नाही.' ती तरीही गेली. आता पुण्यात एका दवाखान्यात समुपदेशन करते. नेमणुकीचा तिचा अर्ज अजून पडून आहे.