पिस्तुलाचा ट्रिगर बदलताय? आधी या चुका टाळा

माझ्या ग्लॉक १९ पिस्तुलाच्या गोळ्या सात यार्डांवरसुद्धा डावीकडे आणि खाली लागायच्या. मी पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे दोष यंत्रातच शोधायची जुनी खोड. ट्रिगर, म्हणजे चाप, जड आहे, खरखरीत आहे, असं स्वतःला पटवलं आणि दीडशे डॉलरचा सपाट अ‍ॅल्युमिनिअमचा ट्रिगर मागवला, सोबत हलक्या स्प्रिंगांचा संच (किट). बसवला. गोळ्या पुन्हा डावीकडे आणि खालीच. फक्त आता जरा लवकर सुटत होत्या.

ह्यूस्टनजवळच्या आमच्या रेंजवर एक निवृत्त पोलिस प्रशिक्षक येतात. त्यांनी माझं मॅगझिन (गोळ्या भरायचा कप्पा) मागून घेतलं, पाठ फिरवून त्यात मधेमधे डमी, म्हणजे न उडणारी, काडतुसं भरली आणि परत दिलं. चौथ्या वेळी चाप ओढला तर नुसतं ‘टक्’. गोळी सुटलीच नाही, पण पिस्तुलाचं तोंड चांगलं दोन इंच खाली गेलेलं. मागे उभे असलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि त्या अंगणावर मी दीडशे डॉलर घालून बसलो होतो.

तेव्हा ट्रिगर विकत घेण्याआधी डमी काडतुसांची ही परीक्षा द्या. सोबत दुसरीही: नेम चांगला असलेल्या एखाद्याला तुमच्याच पिस्तुलाने, तुमच्याच दारूगोळ्याने दहा गोळ्या मारू द्या. त्याच्या गोळ्या लक्ष्याच्या मध्यभागी लागल्या तर ट्रिगर निर्दोष आहे. धक्क्याच्या धास्तीने आधीच हात दाबला जाणं हे कुठल्याही किटने जात नाही. ते घरी, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, दारूगोळा दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज दहा मिनिटं ड्राय फायर, म्हणजे गोळी न घालता चाप ओढायचा सराव, केल्याने जातं. याचा खर्च शून्य, आणि याची जाहिरात कोणी करत नाही.

आकड्याच्या मागे लागणं

किटच्या डब्यावर ‘साडेतीन पौंड’ लिहिलेलं असतं आणि आपण भुलतो. कारखान्यातून येणाऱ्या ग्लॉकचा ट्रिगर साधारण साडेपाच पौंडांचा, म्हणजे अडीच किलोचा. साडेतीन पौंड म्हणजे सुमारे १.६ किलो. फरक मोठा वाटतो. पण ट्रिगर म्हणजे नुसतं वजन नव्हे. बोट ठेवल्यावर आधी थोडी सैल हालचाल होते, तिला टेक-अप म्हणतात. मग बोट जिथे अडतं ती वॉल. तिथून ट्रिगर सुटतो तो ब्रेक. सुटल्यानंतर तो मागे जातो ते ओव्हरट्रॅव्हल, आणि बोट सैल करताना ‘क्लिक’ होऊन पुढच्या गोळीसाठी तयार होतो तो रिसेट. पाच पौंडांचा पण वॉल स्वच्छ असलेला ट्रिगर चार पौंडांच्या रबरासारख्या ट्रिगरपेक्षा केव्हाही बरा. स्मिथ अँड वेसनच्या पहिल्या पिढीच्या एमअँडपी पिस्तुलांबद्दलची जुनी तक्रार वजनाची नव्हतीच. रिसेट कुठे झाला हे बोटाला कळत नाही, ही ती तक्रार होती.

मोजण्यातही गंमत आहे. ग्लॉकसारख्या पिस्तुलात ट्रिगर वरच्या पिनभोवती फिरतो, म्हणजे ती तरफ आहे. वजन मोजणाऱ्या गेजचा हूक ट्रिगरच्या खालच्या टोकाला लावला की वजन कमी दिसतं, मध्यावर लावला की जास्त. काही न बदलता अर्धा पौंड ‘कमी’ करता येतो! १९११ जातीच्या पिस्तुलात ट्रिगर सरळ मागे सरकतो, म्हणून तिथे हा खेळ फारसा चालत नाही. जाहिरातीतला आकडा ट्रिगरवर कुठे मोजला हे सहसा लिहिलेलं नसतं. तुमचा जुना ट्रिगर आणि नवा, दोन्ही एकाच जागी गेज लावून दहा-दहा वेळा मोजा आणि सरासरी काढा. दहा आकडे एकमेकांपासून लांब असतील तर सरासरीपेक्षा तीच बातमी महत्त्वाची आहे.

आणि नवंकोरं पिस्तूल असेल तर घाईच करू नका. काहीशे गोळ्या आणि भरपूर ड्राय फायर झाल्यावर घासणारे पृष्ठभाग आपोआप गुळगुळीत होतात. माझा जुना ट्रिगर मी पुन्हा बसवला तेव्हा तो मला आठवत होता त्यापेक्षा कितीतरी बरा लागला.

सगळ्या स्प्रिंगा एकदम

किटमध्ये चार स्प्रिंगा येतात म्हणून चारही बसवायच्या, ही माझी दुसरी चूक. ग्लॉकच्या चौथ्या पिढीपर्यंत ट्रिगरची वळ्यांची स्प्रिंग चाप ओढायला मदत करते, विरोध नाही. त्यामुळे ती जास्त ताकदीची लावली की ट्रिगर हलका होतो. ऐकायला उलटं वाटतं, पण पिस्तूल उघडून पाहिलं की पटतं. स्ट्रायकरची, म्हणजे गोळीवर आदळणाऱ्या सुईची, स्प्रिंग मात्र वेगळी गोष्ट आहे. ती हलकी केली की ट्रिगर हलका होतो खरा, पण प्रायमरवर (गोळीच्या बुडाशी असलेल्या, फटक्याने पेटणाऱ्या टोपीवर) बसणारा फटकाही हलका होतो. म्हणजे आपण बोटाची मेहनत कमी केली ती पिस्तुलाच्या कामातून उसनी घेऊन.

माझ्या बाबतीत तेच झालं. एका कंपनीच्या गोळ्या सगळ्या उडत होत्या, दुसऱ्या कंपनीच्या दर पन्नासात दोन-तीन राहायच्या. फेडरलचे प्रायमर मऊ असतात, सीसीआयचे त्यामानाने कडक, हे स्पर्धकांना तोंडपाठ असतं. मला ते हलकी स्प्रिंग बसवल्यावर कळलं. स्पर्धेत स्वतः भरलेल्या मऊ प्रायमरच्या गोळ्या वापरणाऱ्याला ती स्प्रिंग चालून जाते. घराच्या रक्षणासाठी पिस्तूल ठेवणाऱ्याला दुकानात मिळेल ती गोळी उडायलाच हवी.

‘टक्’ झालं आणि गोळी उडाली नाही तर आधी पिस्तूल तसंच लक्ष्याकडे रोखून ठेवा, तीस सेकंद थांबा, कारण क्वचित गोळी उशिरा पेट घेते. मग काढून प्रायमर बघा. खड्डा उथळ असेल तर स्प्रिंगवर संशय घ्या, पण तिच्यावरच थांबू नका. स्ट्रायकरच्या नळीत तेल-मळ साचला असेल तरी फटका मंदावतो (तिथे तेल घालायचंच नसतं). स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण बंद झाली नसेल तरी असंच होतं. घरी भरलेल्या गोळीत प्रायमर नीट खोल बसला नसेल तर पहिल्या फटक्यात तो आत बसतो आणि दुसऱ्यात उडतो. खड्डा चांगला खोल असूनही गोळी उडाली नसेल तर दोष बहुधा गोळीचाच. एका वेळी एकच भाग बदलला असेल तर ही उकल दहा मिनिटांची. चार भाग एकदम बदलले असतील तर दोन शनिवार जातात. माझे तीन गेले.

सुरक्षा जिथे मोडते

आता खरी गोष्ट. ग्लॉकमध्ये वेगळा सेफ्टीचा खटका नाही. त्याऐवजी आत तीन अडसर आहेत: ट्रिगरच्या मधली पाती, स्ट्रायकरला अडवणारी पिन आणि पिस्तूल पडल्यावर स्ट्रायकर सुटू न देणारी ट्रिगर बारची (ट्रिगरला जोडलेल्या पट्टीची) रचना. ट्रिगर बदलताना यातल्या किमान दोन गोष्टींना आपण हात लावत असतो. काही किटमध्ये टेक-अप कमी करायचा स्क्रू असतो. तो हावरटपणे आवळला तर स्ट्रायकरची अडसर पिन आधीच अर्धवट दाबलेली राहू शकते. बोटाला ट्रिगर छान लागतो, पण पिस्तूल पडलं तर काय होईल हे बोटाला कळत नाही.

सिग सॉअर कंपनीच्या पी३२० पिस्तुलाचं उदाहरण इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. विशिष्ट कोनात पडल्यास ट्रिगर न ओढताही गोळी सुटू शकते हे उघड झाल्यावर, ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने ऐच्छिक अपग्रेड जाहीर केलं. त्यातल्या बदलांपैकी एक म्हणजे वजनाने हलका ट्रिगर. पिस्तूल आपटून थांबलं तरी जड ट्रिगर स्वतःच्या जडत्वाने पुढे जात राहतो, जणू अदृश्य बोटाने ओढला जावा तसा. म्हणजे ‘हलका ट्रिगर’ याचे दोन अर्थ आहेत, ओढायला हलका आणि वजनाने हलका, आणि सुरक्षेला दुसराही लागतो. कारखान्याचा प्लास्टिकचा ट्रिगर काढून चकचकीत पोलादी बसवताना हा विचार कोण करतं?

स्पर्धेची पिस्तुलं याहून वेगळी. सीझेड शॅडो २ मध्ये फायरिंग पिन ब्लॉक, म्हणजे गोळीवर आदळणाऱ्या सुईला अडवणारी पिन, मुळातच नसतो. म्हणून तिचा ट्रिगर मऊ लागतो, आणि म्हणूनच तिची तुलना कमरेला लावायच्या पिस्तुलाशी करू नये.

नवा ट्रिगर बसवल्यावर, पिस्तूल रिकामं असताना, एवढं तरी तपासा. पातीला स्पर्श न करता ट्रिगर कडेने दाबला तर हलता कामा नये. ओढून धरलेल्या ट्रिगरसह स्लाइड मागे घेऊन सोडली, मग बोट सावकाश सैल केलं, की रिसेट स्पष्ट लागला पाहिजे. हे पन्नास वेळा करा. एकदा जरी चुकलं तर जुना ट्रिगर परत. सगळं ठीक वाटलं तरी रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी घाला, मग दोन, मग तीन. एका ओढण्यात दोन गोळ्या सुटल्या तर ‘अजून एक मॅगझिन मारून बघू’ म्हणायचं नाही. पिस्तूल रिकामं करायचं, पेटीत ठेवायचं, गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) न्यायचं. अमेरिकन कायद्यात, १९३४ पासून, एका ओढण्यात एकाहून अधिक गोळ्या झाडणारं हत्यार मशीनगन ठरतं, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे सांगायची ती जागा नव्हे.

ओव्हरट्रॅव्हल कमी करायचा स्क्रू ही छोटी कटकट आहे, पण ती स्पर्धेतच उगवते. तो हळूहळू फिरून पुढे आला की ट्रिगर पुरता मागे जात नाही आणि पिस्तूल उडतच नाही. कधी उडतं, कधी नाही. स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) लावा आणि पेनाने खूण करा, म्हणजे तो हलला तर दिसेल.

कशासाठी, कुठे

आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर पिस्तूलच्या ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तूलचं १००० ग्रॅम. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, तो हाच. ही पिस्तुलं रेंजवर, पेटीतून बाहेर काढून, नियमांच्या कडक चौकटीत वापरली जातात. त्यांचे आकडे पाहून कमरेच्या पिस्तुलाचा ट्रिगर ठरवणं म्हणजे शर्यतीच्या सायकलचे टायर घाटातल्या एसटीला लावणं. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तर अनेक वर्षं उलटी वाट धरली. रिव्हॉल्व्हरचा जड चाप ओढायची सवय असलेल्यांसाठी मुद्दाम १२ पौंडांचा ट्रिगर. तो मात्र फारच जड, त्याने नेम बिघडतो हे कोणी सांगायला नको.

राज्यागणिक नियमही पाहा. मॅसॅच्युसेट्समध्ये विकायच्या काही पिस्तुलांना कारखान्यातच दहा पौंडांच्या आसपासचा ट्रिगर लावलेला असतो. क्लबच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर तुमच्या डिव्हिजनचं (स्पर्धेतल्या गटाचं) नियमपुस्तक किट मागवण्याआधी वाचा. स्टॉक डिव्हिजनमध्ये, म्हणजे मूळ स्वरूपातल्या पिस्तुलांच्या गटात, नियमात न बसणारा ट्रिगर सापडला तर तुम्ही सरळ ओपन गटातल्या शर्यतीच्या पिस्तुलांशी झुंजायला बसू शकता. भारतातल्या परवानाधारक नातेवाइकांनी हे वाचून घरी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरफार विनापरवाना करता येत नाही.

सुटे भाग फेकू नका. वॉरंटीसाठी पिस्तूल पाठवायची वेळ आली, विकायची वेळ आली, किंवा नवा ट्रिगर रुसला, तर मूळचेच लागतात. माझे मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवले होते, वर मार्करने तारीख. तिसऱ्या महिन्यात डबा उघडला तेव्हा वेलचीचा वास अजून होता. आता त्याच डब्यात दीडशे डॉलरचा ट्रिगर आहे, आणि बायको दर दिवाळीत विचारते की हा डबा रिकामा कधी होणार.