क्लॅमिडियाचा संसर्ग पुन्हा झाल्यास काय करावे : प्रतिकारशक्ती, जनुके आणि वंध्यत्वाचा धोका

उपचार पूर्ण होऊनही काही महिन्यांत क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जिवाणूची तपासणी पुन्हा पॉझिटिव्ह आली, की बहुतेक स्त्रियांच्या मनात आपल्या शरीरातच काही उणे आहे का, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर शोधताना क्रम पाळावा. आधी पतीचा उपचार झाला होता का ते पाहावे, नंतर गोळ्या पूर्ण घेतल्या का आणि तपासणी योग्य वेळी झाली का ते तपासावे. प्रतिकारशक्ती आणि जनुकांचा विचार त्यानंतरचा.

खानदेशात यातली पहिली पायरीच अनेकदा निसटते. धुळे-नंदुरबारकडचे कितीतरी पुरुष कामानिमित्त सुरतेला असतात, सातपुड्यातील कुटुंबे ऊसतोडीसाठी महिनोन्‌महिने बाहेर जातात, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली लेक तिथल्या डॉक्टरांकडून औषध घेऊन सासरी परतते तेव्हा नवऱ्याला त्याची कल्पनाही नसते. त्याने औषध घेतले नसेल तर पहिल्याच संबंधात जंतू परत येतो. म्हणून मागील 60 दिवसांत ज्याच्याशी संबंध आला असेल त्यानेही उपचार घ्यावा, आणि दोघांचे औषध संपेपर्यंत, तसेच एका मात्रेचे औषध असल्यास त्यानंतर 7 दिवस, संबंध टाळावेत. हा संसर्ग लक्षणांशिवाय दीर्घकाळ राहू शकत असल्याने तो कोणाकडून कोणाला गेला हे अहवालावरून कळत नाही. त्यावरून घरात भांडण उकरून काढणे निरर्थक आहे.

गर्भवती नसलेल्या स्त्रीला डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लीन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 7 दिवस देतात. गर्भवतीला अझिथ्रोमायसीनची 1 ग्रॅमची एकच मात्रा दिली जाते. डॉक्सिसायक्लीन भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये. लोहाची किंवा आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण एकत्र घेतल्यास हे औषध नीट शोषले जात नाही. या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते, तेव्हा उन्हाळ्यात केळीच्या किंवा कापसाच्या शेतात जाणाऱ्या स्त्रियांनी हात-तोंड झाकून घ्यावे. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) लक्षणांवरून औषधांची रंगीत पाकिटे मोफत मिळतात. ही सोय चांगली असली तरी क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना पांढरे जाणे किंवा ओटीपोटात दुखणे यांपैकी काहीच जाणवत नाही, त्यामुळे केवळ लक्षणांची वाट पाहणे पुरेसे नाही.

योनीतील स्वॅबवर नाट नावाची, जंतूचे जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणी करतात. पुरुषाची ती लघवीवर होते. उपचारानंतर 4 आठवड्यांच्या आत ती केल्यास मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. पुनर्संसर्ग पाहण्यासाठी साधारण 3 महिन्यांनी तपासणी करावी. रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून आजार बरा झाला की नाही हे ठरवण्यासाठी त्या चाचणीवर पैसे घालवू नयेत.

आता प्रतिकारशक्तीकडे वळू. क्लॅमिडिया पेशीच्या आत शिरून वाढतो, त्यामुळे रक्तातील प्रतिपिंडांपेक्षा टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशी आणि त्यांनी सोडलेले इंटरफेरॉन गॅमा हे द्रव्य अधिक उपयोगी ठरते. या द्रव्यामुळे पेशीतील ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल संपते आणि जंतूची उपासमार होते. मात्र जननमार्गात आढळणाऱ्या क्लॅमिडियाच्या जातींना इंडोल या संयुगापासून ट्रिप्टोफॅन स्वतःच तयार करता येते, आणि योनीतील हितकर लॅक्टोबॅसिलस कमी होऊन इतर जंतू माजले की तेच इंडोल पुरवतात. म्हणून माशासारखा वास असलेला स्राव अंगावर काढू नये आणि योनी आतून साबणाने वा औषधी पाण्याने धुऊ नये. एकदा झालेल्या संसर्गातून मिळणारे संरक्षण अपुरे आणि अल्पकालीन असते. लवकर उपचार केल्याने ते तयार होण्याआधीच थांबते, असा तर्क कॅनडातील संशोधकांनी मांडला आहे. पण त्यासाठी उपचार लांबवणे म्हणजे गर्भनलिका पणाला लावणे होय. उपचार न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 10 ते 15 टक्के स्त्रियांना ओटीपोटातील अवयवांचा, त्यात गर्भनलिकांचाही, दाह होतो, आणि प्रत्येक नव्या संसर्गागणिक हा धोका वाढतो.

दाहाची तीव्रता सर्वांत सारखी नसते, आणि इथे जनुकांचा संबंध येतो. जंतूची ओळख पटवणारी टोल-लाइक रिसेप्टरची जनुके, टी-पेशींना जंतूचे तुकडे दाखवणारी एचएलए जनुके आणि दाह आवरणाऱ्या इंटरल्युकिन-10 चे जनुक यांतील फरकांचा पुनर्संसर्गाशी किंवा नलिकांच्या हानीशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. हे अभ्यास बहुतांशी अमेरिका आणि युरोपातील स्त्रियांवरचे असून त्यांचे निष्कर्षही सर्वत्र जुळत नाहीत. माझ्या मते, या कारणासाठी जनुकीय चाचणी विकू पाहणाऱ्याला सरळ नकार द्यावा, कारण अहवाल काहीही आला तरी उपचार तोच राहतो.

वर्षभर प्रयत्न करूनही, किंवा वय 35 च्या पुढे असल्यास 6 महिन्यांत, गर्भ राहिला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना पूर्वीच्या संसर्गाची माहिती अवश्य द्यावी. असा पूर्वेतिहास असेल तर इतके थांबण्याचीही गरज नाही. त्याच आठवड्यात नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्यावी, कारण टोमणे बाईला ऐकावे लागतात आणि पुरुषाची तपासणी सर्वांत शेवटी होते. नलिका मोकळ्या आहेत का हे एचएसजी या क्ष-किरण तपासणीत दिसते. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोगही नलिका बंद करतो, तेव्हा सगळा दोष क्लॅमिडियावर टाकण्याआधी त्याचीही शहानिशा करावी. नलिकेत पाणी साठून ती फुगली असेल तर आयव्हीएफचे (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराचे) यश घटते, म्हणून आधी ती काढण्याचा किंवा बंद करण्याचा सल्ला मिळू शकतो.

पाळी चुकून गर्भ राहिल्याचे कळले तरी एक काळजी उरते : व्रण पडलेल्या नलिकेतच गर्भ रुजण्याची शक्यता. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयातच असल्याची खात्री करावी. त्याआधी ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखले, चक्कर आली किंवा खांद्यात कळ आली तर धडगाव-अक्कलकुव्यासारख्या दूरच्या भागातील कुटुंबांनी सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.