पान बदललं की तीच जत्रा पुन्हा : वर्डप्रेस रेस्ट एपीआय, माझा अनुभव

गोव्यातल्या जत्रांची यादी वर्डप्रेस साइटवरून रेस्ट एपीआयने (दुसऱ्या प्रोग्रॅमला साइटवरची माहिती पानापानाने पुरवणारी सोय) अ‍ॅपला द्यायची होती. पोस्ट टाइप (नोंदींचा प्रकार) 'जत्रा', तारीख मेटा फील्डमध्ये (नोंदीला जोडलेल्या जादा रकान्यात), तालुका टॅक्सॉनॉमीत (वर्गवारीत). लक्षण असं: त्रिपुरारी पौर्णिमेचा साखळी इथला उत्सव पहिल्या पानावरही आणि दुसऱ्यावरही, आणि दुसरीच एखादी नोंद पूर्ण गायब.

कॅशे पुसली, पर_पेज (एका पानावरच्या नोंदींची संख्या) १०० केलं (त्याहून जास्त चालत नाही). फरक शून्य. तीन रात्री यात गेल्या, फार जीव मेटाकुटीला आला.

मूळ कारण सॉर्टमध्ये, म्हणजे नोंदी क्रमाने लावण्यात, होतं. एका पौर्णिमेला अनेक गावांत उत्सव असतो, म्हणजे तारीख सारखीच. सारख्या तारखांतला क्रम मायएसक्यूएल (वर्डप्रेसचा डेटाबेस) दर क्वेरीला, म्हणजे दर पानाच्या मागणीला, तोच ठेवेल याची खात्री नसते.

शेवटी ज्या पायऱ्यांनी काम झालं त्या अशा:

आधी टॅक्सॉनॉमीला 'शो_इन_रेस्ट' ट्रू. मग तालुक्यानुसार नोंदी निवडायला यूआरएलमध्ये तालुक्याचा टर्म आयडी (वर्गवारीतला त्याचा क्रमांक) द्यायचा, नाव नाही.

मग छोटं प्लगिन. त्यात 'रेस्ट_जत्रा_क्वेरी' फिल्टर (क्वेरी चालण्याआधी तिच्यात बदल करू देणारी सोय) लावून 'मेटा_की'मध्ये तारखेचं फील्ड, आणि 'ऑर्डरबाय'ला निकषांची यादी, म्हणजे अ‍ॅरे: पहिलं 'मेटा_व्हॅल्यू' चढत्या क्रमाने, दुसरं 'आयडी' चढत्या क्रमाने. हा दुसरा निकषच खरा उपाय. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच साठवा. तारीख न भरलेली नोंद यादीत येतच नाही, तेवढं तपासा.

यूआरएलमध्ये 'ऑर्डरबाय=आयडी' असेल तर काढा, नाहीतर तो अ‍ॅरेवर मात करतो.

शेवटी उत्तरासोबत येणारं 'एक्स-डब्ल्यूपी-टोटलपेजेस' हेडर (एकूण पानांची संख्या) वाचून तेवढीच पानं मागा. त्यापुढचं पान मागितलं की ४०० एरर येते.